हुद्दा आणि चेहरा

१९४१ साली नागपुरास भरलेल्या भारतीय विज्ञान अकादमीच्या अधिवेशनात, नुकतीच तिशी ओलांडलेल्या होमी भाभांचा परिचय करून देताना सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना आधुनिक काळाचे लिओनार्दो दा विंची म्हटले होते. या उद्गाराचा सामान्यतः असा अर्थ लावला जातो की, गणित, यंत्रशास्त्र, संगीत आणि चित्रकला अशा नाना विद्यांत एकाच वेळी संचार करणारी भाभांची प्रतिभा पाहून रामन यांना प्रबोधनकाळातील त्या महापुरुषाचे स्मरण झाले. आणि तो अर्थ योग्यच आहे. तथापि मला या तुलनेत आणखी एक, अधिक मर्यादित परंतु अधिक नेमके असे साम्य दिसते. भाभा माणसांचे चेहरे काढीत असत. जहांगीर लालकाका या नामांकित पारशी व्यक्तिचित्रकाराजवळ त्यांनी लहानपणी चित्रकलेचे धडे घेतले होते, आणि पुढे शास्त्रज्ञ म्हणून जगभर कीर्ती पावल्यावरही आपल्या मित्रांना, सहकाऱ्यांना समोर बसवून पेन्सिलीने त्यांच्या मुद्रा टिपण्याचा छंद त्यांनी सोडला नाही. जो मनुष्य दुसऱ्याचा चेहरा तासभर निरखून पाहतो आणि त्यातील कोणती रेषा ठेवावी व कोणती गाळावी याचा निर्णय करतो, तो त्या माणसाविषयी एक मत बनवीत असतो. आणि मत बनविण्याची ही कला प्रबोधनकाळात जितक्या गांभीर्याने जोपासली गेली तितकी त्यापूर्वी युरोपात क्वचितच जोपासली गेली असेल.

मी हे ट्रॉम्बेत बसून लिहीत आहे. १९५४ च्या जानेवारीत येथे अणुशक्तीचे केंद्र स्थापन झाले, १९५६ च्या ४ ऑगस्टला येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली, आणि १९६६ च्या जानेवारीत माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचा अंत झाल्यावर, पुढील वर्षी या केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. या परिसरात भाभांची तसबीर कोणाला अपरिचित नाही. जयंतीस आणि पुण्यतिथीस तिला हार चढतो, दोन भाषणे होतात, आणि वर्षभर ती आपल्या जागी असते. पण ही तसबीर आपणांस काय सांगते? कोट, गळपट्टा, विस्तीर्ण भालप्रदेश, आणि खाली नाव व जन्ममृत्यूच्या तारखा. एका मोठ्या संस्थेचा संस्थापक होऊन गेला, एवढेच ती सांगते. ज्याला स्वतःला दुसऱ्याच्या मुद्रेत त्याचा स्वभाव शोधण्याची तहान होती, त्याचाच स्वभाव त्याच्या तसबिरीत आपण शोधीत नाही, याचे मला मनापासून वैषम्य वाटते. आणि हे एकट्या भाभांच्या बाबतीत घडते असे नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयाच्या सभागृहात, कोणत्याही नगरपालिकेच्या दालनात, सहकारी बँकेच्या कचेरीत जावे. भिंतीवर एका ओळीत मांडलेल्या अध्यक्षांच्या, देणगीदारांच्या आणि कार्यवाहांच्या तसबिरी पाहाव्यात. हुद्दा प्रत्येकाचा कळतो, माणूस एकाचाही कळत नाही.

हुद्दा दाखविणे हे मुळात हीन कर्तव्य आहे असे माझे म्हणणे नाही. व्यक्तिचित्राची निपजच प्रतिष्ठेच्या पोटी झाली. प्रबोधनकाळातील इटलीत ज्यांनी चित्रकारांना पैसे मोजले ते सरदार, पेढीवाले, धर्माधिकारी आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया यांना आपली पदवी, आपले कुळ आणि आपली संपत्ती पुढील पिढ्यांस दिसावी एवढीच अपेक्षा प्रथम होती, आणि चित्रकारानेही ती प्रामाणिकपणे पुरी केली. आश्चर्य आहे ते पुढे. पदवीचे चित्र काढता काढता त्या चित्रकारांच्या हातून माणसाचे चित्र निघू लागले, आणि पैसे देणाऱ्यांनीही ते नाकारले नाही.

उर्बिनोचा अधिपती फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो आणि त्याची पत्नी बात्तिस्ता स्फोर्झा यांची पिएरो देल्ला फ्रांचेस्का याने काढलेली जोडचित्रे फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहेत. दोघेही एकमेकांसमोर, पण आपल्याला केवळ बाजूने दिसतात, जुन्या रोमन नाण्यावरील मुद्रांप्रमाणे. ही एकांगी मुद्रा दरबारी होती. राजा प्रजेच्या नजरेला नजर देत नाही, प्रजेने त्याच्याकडे पाहावे, तो पाहील आपल्या राज्याकडे. फेदेरिकोच्या मागे, पुष्कळ खाली, त्याचा मुलूख पसरलेला आहे. मस्तकावर मुकुट नाही, हाती शस्त्र नाही; आहे तो केवळ लाल अंगरखा आणि लाल टोपी. पण त्याचे नाक पाहावे! दोन डोळ्यांच्या मध्ये जिथे नाकाचा उंचवटा असावा तिथे एखादा घाट खोदून काढावा तशी खाच आहे. द्वंद्वाच्या खेळात भाल्याचा आघात होऊन फेदेरिकोचा उजवा डोळा गेला होता, आणि म्हणूनच चित्रकाराने त्याची डावी बाजू घेतली. म्हणजे गेलेला डोळा त्याने झाकला, पण तुटलेले नाक झाकले नाही, गालावरचे चामखीळ झाकले नाहीत. भाडोत्री सैन्याचा सेनापती म्हणून ज्याने आयुष्य काढले आणि त्याच पैशातून ज्याने इटलीतील एक अत्युत्तम ग्रंथसंग्रह उभा केला, त्याचा कणखरपणा त्या खाचेत आहे, अंगरख्यात नाही. काय लपवावे आणि काय लपवू नये याचा विवेक हाच व्यक्तिचित्रकाराचा खरा धर्म होय, हे या एका नाकावरून समजते.

पुढे फ्लेमिश चित्रकारांपासून तीन-चतुर्थांश वळलेल्या मुद्रेची रीत इटलीत आली, आणि चित्रातल्या माणसाची नजर पाहणाऱ्याच्या नजरेस मिळाली. या एका वळणाने केवढा पालट झाला! बाजूने दिसणारा अधिपती पूज्य असतो; वळून पाहणारा माणूस संभाषण करू लागतो. राफाएलने १५१४-१५ च्या सुमारास आपला मित्र बाल्दास्सारे कास्तिल्योने याचे जे चित्र काढले, ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. कास्तिल्योने हा वकिलातीत मुरलेला मुत्सद्दी आणि दरबारी सभ्यतेवर ग्रंथ लिहिणारा विद्वान. त्याच्या अंगावर सोने नाही, रत्न नाही. काळे मखमल, राखी फर, पांढरा सदरा, काळी टोपी, आणि पाठीमागे उजळ, रिती भिंत. साऱ्या चित्रात रंग म्हणावा असा केवळ दोन निळ्या डोळ्यांत उरला आहे. ती फर आणि ते मखमल सामान्य माणसाला परवडणारे नव्हते, म्हणजे त्याचा मरातब तिथे आहेच. पण तो इतक्या सहजपणे अंगावर वागविला आहे की पोशाखाकडे आपले लक्ष जाण्याआधी आपण त्या डोळ्यांशी बोलू लागतो. १६३९ साली हे चित्र ॲमस्टरडॅमच्या एका लिलावात विकले जात असताना रेम्ब्रांट तिथे उपस्थित होता. त्याने घाईघाईने त्याचे एक रेखाटन करून घेतले आणि त्याखाली विक्रीची किंमतही लिहून ठेवली. मोठा चित्रकार दुसऱ्या मोठ्या चित्रकाराकडून काय शिकतो याचा इतका साधा दस्तऐवज दुसरा क्वचितच सापडेल.

आणि होल्बाइनचा सर टॉमस मोर. १५२७ साली लंडनमध्ये काढलेले हे चित्र आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात आहे. मोरच्या खांद्यावर राजसेवेची खूण म्हणून सोन्याची जड साखळी आहे आणि तिच्या मध्यभागी ट्यूडर घराण्याचा गुलाब लोंबतो. लाल मखमलीच्या बाह्या अशा रंगविल्या आहेत की बोट लावून पाहावेसे वाटते. म्हणजे हुद्द्याची सनद पूर्ण आहे, तिच्यावर मोहोरही आहे. पण त्या साखळीच्या वरती, हनुवटीवर आणि ओठांभोवती, दोन दिवस वस्तरा न लागलेल्या दाढीचे खुंट होल्बाइनने एकेक करून दाखविले आहेत. डोळे जागरणाने थकलेले, पण नजर ढळलेली नाही. आठ वर्षांनी, १५३५ च्या जुलैत, ज्या राजाची साखळी गळ्यात होती त्याच राजाच्या हुकमाने मोरचा शिरच्छेद झाला, कारण धर्माच्या प्रश्नावर राजाच्या इच्छेपुढे मान तुकविण्यास तो तयार झाला नाही. होल्बाइनला भविष्य ठाऊक नव्हते. त्याला समोरचा माणूस ठाऊक होता, आणि व्यक्तिचित्रकाराला तेवढे ज्ञान पुरते.

लिओनार्दोने तर मोना लिसात हुद्दा जवळजवळ पुसूनच टाकला. रेशमाच्या एका व्यापाऱ्याची ती पत्नी. तिच्या अंगावर एकही दागिना नाही. एवढे धाडस त्या काळी दुसऱ्या कोणी क्वचितच केले असेल.

प्रबोधनकाळ म्हणजे सातासमुद्रापलीकडची गोष्ट, तिच्याशी आपला संबंध काय, असे कोणी म्हणेल. म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्याबरोबरचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला, आणि साष्टीबरोबर ट्रॉम्बेचे बेटही जवळजवळ दोन शतके त्यांच्या अमलाखाली राहिले. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई सर केली तेव्हा तो अंमल संपला. ज्या दशकांत टिशियन व्हेनिसमध्ये आणि होल्बाइन लंडनमध्ये चित्रे काढीत होते, त्याच दशकांत आपल्या या किनाऱ्यावर त्याच युरोपातील माणसे राज्य करीत होती, आणि व्यक्तिचित्राची प्रथा त्यांच्याबरोबर येथे उतरली होती.

त्याचा सर्वांत मोठा पुरावा गोव्यात आहे. १५४५ ते १५४८ पर्यंत गोव्याचा कारभार पाहणारा दों जुवांव द काश्त्रु हा गणित, नौकानयन आणि प्राचीन रोमच्या इतिहासाचा व्यासंगी, सर्वार्थाने प्रबोधनकाळाचा पुरुष होता. १५४६ च्या दिवच्या वेढ्यात त्याचा पुत्र मारला गेला. वेढा उठल्यावर तो उद्ध्वस्त किल्ला पुन्हा बांधण्यास पैसा हवा होता आणि खजिना रिकामा होता, तेव्हा काश्त्रुने गोव्याच्या नगरसभेस कर्ज मागणारे पत्र लिहिले, आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठविले. पुत्राच्या अस्थी पाठविण्याचा त्याचा प्रथम विचार होता, पण तो देह पाठविण्याजोग्या स्थितीत नव्हता. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस सन्मानाने परत केले. माणसाचा चेहरा हीच त्याची पत असते, असे मानणाऱ्या त्या काळाचे इतके बोलके उदाहरण दुसरे कोणते असेल!

याच काश्त्रुने १५४७ साली आपल्या आधी होऊन गेलेल्या सर्व गव्हर्नरांची आणि व्हाइसरॉयांची पूर्ण उंचीची चित्रे करवून घेऊन राजवाड्यात लावण्याचा निश्चय केला. काम गास्पार कोरेया याच्याकडे दिले. कोरेया तरुणपणीच हिंदुस्थानात आलेला, गव्हर्नर आल्बुकेर्कच्या हाताखाली लेखनिक म्हणून वागलेला आणि पुढे या प्रदेशाचा इतिहास लिहिणारा. चित्रातल्या पुष्कळ पुरुषांना त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. त्याने रेखाटने करून दिली आणि येथील एका एतद्देशीय चित्रकाराने ती रंगविली. चित्रे इतकी हुबेहूब उतरली की त्या पुरुषांना पूर्वी पाहिलेल्याने ती पाहताक्षणी ओळखावीत, असे कोरेयाने आपल्या इतिहासात नमूद केले आहे. पण रंगविणाऱ्या त्या हाताचे नाव मात्र त्याने नोंदले नाही.

मला ही नोंद फार अस्वस्थ करते. पोर्तुगीज सरदारांच्या ढालींवरील कुलचिन्हे, त्यांची बिरुदे, त्यांच्या नावांच्या पट्ट्या हे सारे त्या फलकांवर यथासांग लिहिले गेले. आल्बुकेर्कची लांब दाढी लिहिली गेली. आणि ज्याने आपल्या देशी डोळ्यांनी त्या परक्या चेहऱ्यांचा अभ्यास केला, आपल्या गुरुपरंपरेत नसलेली तैलरंगांची आणि छायाप्रकाशाची रीत आत्मसात केली, तो कोंकणी वा मराठी बोलणारा कारागीर एका वाक्यात येऊन जातो. पुढे प्रत्येक नव्या व्हाइसरॉयाचे चित्र या मालिकेत पडत गेले, आणि तीन-चार शतकांत गोव्याच्या दमट हवेने ही फळ्यांवरची चित्रे खराब झाली म्हणून ती वारंवार नव्याने रंगविली गेली. आज जुन्या गोव्यात, सेंट फ्रान्सिसच्या मठातील पुराणवस्तू संग्रहालयात ती दिसतात. पण मूळ मुद्रा या थरांखाली बहुतांशी झाकून गेली आहे. उरला आहे तो पोशाख, तलवार, ढाल. हुद्दा टिकला, चेहरा गेला. देखभालीच्या नावाखाली होणाऱ्या पुनर्रंजनाने चित्राचे जे नुकसान होते ते वाळवीनेही होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खुद्द शिवछत्रपतींच्या बाबतीत मुद्रेचा प्रश्न कसा गुंतला होता हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र कित्येक वर्षे महाराजांचे म्हणून छापले जात होते, आणि वा. सी. बेंद्रे यांनी चिकाटीने शोध घेऊन १९३३ साली अस्सल चित्र प्रकाशात आणले तेव्हा तो भ्रम दूर झाला. दख्खनी कलमाच्या समकालीन चित्रांत महाराज उर्बिनोच्या अधिपतीप्रमाणेच बाजूने दिसतात. दूरच्या दोन दरबारांनी प्रतिष्ठेची एकच भाषा स्वतंत्रपणे शोधून काढावी याचे नवल वाटते. आणि त्या एकांगी मुद्रेतही बाकदार नाक, टोकदार दाढी आणि सावध, प्रसन्न भाव चित्रकाराने निसटू दिलेला नाही. १६६४ साली सुरतेस असलेल्या एस्कॅलियट नावाच्या इंग्रज पाद्र्याने महाराजांचे वर्णन करताना त्यांच्या तीक्ष्ण डोळ्यांचा आणि बोलताना हसण्याचा उल्लेख केला आहे. लेखणी आणि कुंचला यांची साक्ष इतकी जुळावी, हे त्या अनाम दख्खनी कारागिराच्या इमानाचे प्रमाणपत्र होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय रीतीच्या व्यक्तिचित्राची कला पुण्यास आली. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरला आणि पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारात गेला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे त्याने १७९२ साली काढलेले मोठे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पेशव्यांचे वय तेव्हा अठरा वर्षांचे. मोती, शिरपेच, पांढरा झुळझुळीत जामा हा सारा मरातब त्यांच्या अंगावर आहे, आणि मागे सेवक तैनातीस उभे आहेत. नाना शेजारी बसलेले. देह कृश, चेहरा लांबट, मुद्रा गंभीर. धनी आणि कारभारी एकाच चौकटीत घेणे हाच वेल्सचा मोठा निर्णय होय. गादी कोणाची आणि राज्य कोण चालवितो, या प्रश्नाचे उत्तर त्याने दोन चेहऱ्यांत वाटून दिले आहे: एका चेहऱ्यावर अजून काही लिहिले गेलेले नाही, आणि दुसऱ्यावर पानिपतापासूनचे सारे दफ्तर वाचता येते. तीन वर्षांनी, १७९५ च्या ऑक्टोबरात, शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून त्या तरुण पेशव्याचा अंत झाला. त्याच वर्षी वेल्सही वारला. आपल्या इतिहासग्रंथांनी त्या दोन पुरुषांच्या संबंधाविषयी शेकडो पाने लिहिली. पण विद्यार्थ्याला मी प्रथम हे चित्र दाखवीन आणि मग ग्रंथ हाती देईन.

वेल्स आणि मॅलेट यांच्या प्रयत्नाने पुण्यात एतद्देशीय मुलांसाठी चित्रशाळाही निघाली होती, आणि गंगाराम तांबट हा तिथला गुणी चित्रकार होता. त्याने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. गोव्याच्या त्या अनाम कारागिराच्या मानाने गंगाराम भाग्यवान. त्याचे नाव नोंदले गेले, म्हणून आज आपण ते घेऊ शकतो.

१८५७ साली मुंबईत निघालेल्या सर ज. जी. कलाशाळेने पुढे या परंपरेस महाराष्ट्रात घर दिले. कोल्हापूरचे धुरंधर, सावंतवाडीचे हळदणकर, आणि गोव्यातील सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांनी ती वाढविली. ज्या लालकाकांजवळ भाभा शिकले ते याच परंपरेतले. १९३० साली राजघराण्याच्या व्यक्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी सरकारने अतुल बोस यांच्याबरोबर त्यांना विलायतेस पाठविले होते, आणि पुढे ते कलाशाळेचे उपसंचालक झाले. हे सारे चित्रकार हुद्देदारांची चित्रे काढून चरितार्थ चालवीत, त्यात कमीपणा काहीच नाही. पण पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणून ज्यांचा गौरव झाला त्या त्रिंदादांकडे पाहावे. पणजीच्या फोंतेन्हासमधील संग्रहात त्यांची चित्रे आहेत. घरची माणसे आणि रस्त्यावरचे सामान्य स्त्री-पुरुष यांच्याकडे त्यांनी त्याच आदराने पाहिले, ज्या आदराने दुसरा चित्रकार न्यायमूर्तींच्या झग्याकडे पाहतो. राफाएलच्या लिलावातील चित्राकडे निरखून पाहणाऱ्या रेम्ब्रांटची दृष्टी सांग्याच्या एका मुलापर्यंत पोहोचली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता पुन्हा ट्रॉम्बे. येथे आणखी एका प्रकारच्या तसबिरीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय मला पुरा वाटत नाही. अणुशक्ती केंद्राच्या शेजारची जनता कॉलनी १९७६ साली, आणीबाणीच्या दिवसांत, उठविण्यात आली आणि तिथल्या हजारो कुटुंबांना ट्रॉम्बेच्या खाडीकाठच्या चिता कॅम्पात आणून सोडण्यात आले. त्याच वर्षी मुंबईतल्या झोपड्यांची सरकारी गणना झाली आणि झोपडीधारकांना फोटोपास मिळाले. झोपडीवाल्याचा फोटो, झोपडीचा क्रमांक, सरकारी शिक्का. येथील जुन्या घरांतून हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोन्यापेक्षा अधिक जपून ठेवलेला असतो, कारण त्याच्यावर हक्काचे घर अवलंबून असते. काश्त्रुच्या दाढीप्रमाणे हाही चेहरा तारण म्हणून ठेवलेला आहे. व्हाइसरॉयांचे चित्र म्हणते, याच्या हाती सत्ता आहे. फोटोपास म्हणतो, हा अमुक साली अमुक जागी राहत होता. मरातबाची ही दोन टोके होत. परंतु त्या फोटोपासवरील स्त्री-पुरुषांची, त्यांनी उभारलेल्या वस्तीची, येथील कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी विणणाऱ्या माणसांची, अणुभट्टीवर तीस-तीस वर्षे पाळ्या करून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांची समोर बसवून काढलेली चित्रे कोठे आहेत? होल्बाइनने मोरच्या हनुवटीवर जे खुंट पाहिले ते या चेहऱ्यांवर पाहण्यास कोणी आले नाही.

छायाचित्र असताना चित्र कशाला, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. छायाचित्राविषयी मला आदर आहे. चांगल्या छायाचित्रकाराला तोच विवेक लागतो जो चित्रकाराला लागतो. पण आपल्या सार्वजनिक भिंतींवर लागते ते तसले छायाचित्र नव्हे. पारपत्रासाठी काढलेला फोटो मोठा करायचा, संगणकावर त्याचा वर्ण उजळायचा, सुरकुत्या पुसायच्या, मागे निळे आकाश घालायचे आणि फलकावर छापायचा, ही आजची रीत आहे; चौकाचौकांत वाढदिवसाच्या फलकांवर ती दिसते आणि माणूस वारल्यावर तीच प्रतिमा श्रद्धांजलीला वापरली जाते. उर्बिनोच्या अधिपतीने आपले तुटलेले नाक रंगवू दिले. आपल्या वॉर्डातील कार्यकर्त्याला कपाळावरचा तीळ सहन होत नाही. ज्याला स्वतःच्या चेहऱ्याविषयी इतका अविश्वास आहे, त्याच्या हुद्द्यावर लोकांनी विश्वास कसा ठेवावा?

म्हणून माझे म्हणणे मी साध्या शब्दांत मांडतो. ज्या संस्था आपल्या संस्थापकांच्या आणि सेवकांच्या तसबिरी लावतात त्यांनी, निदान दहा वर्षांतून एकदा, एखाद्या तरुण चित्रकाराला योग्य मानधन देऊन जिवंत माणसासमोर बसवावे, आणि ज्याचे चित्र काढायचे तो केवळ अध्यक्षच असावा असा आग्रह धरू नये. शिपाई, परिचारिका, प्रयोगशाळेतील मदतनीस यांच्याही मुद्रा त्या भिंतीवर याव्यात. जुनी चित्रे रंगाऱ्याच्या हाती देऊ नयेत. ती जाणत्या संरक्षकाकडे द्यावीत, आणि तोवर ऊन, ओल आणि हारांतले पाणी यांपासून दूर ठेवावीत. प्रत्येक चित्राखाली चित्रविषयाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत चित्रकाराचे नाव आणि साल लिहावे. ज्यांच्या स्वाधीन भाभांची रेखाचित्रे आहेत त्यांनी त्यांच्या उत्तम प्रतिकृती ट्रॉम्बे, चेंबूर आणि मानखुर्दच्या शाळांत लावण्याची व्यवस्था करावी. ज्याच्या नावाच्या फाटकासमोरून ही मुले रोज जातात त्याचा हात कसा चालत होता हे त्यांना दिसू द्यावे.

आणि वाचकांस एक विनंती. आपल्या घरी आजोबा-पणजोबांची जी जुनी तसबीर असेल, मग ती तैलरंगातली असो वा स्टुडिओत काढलेली, ती या आठवड्यात भिंतीवरून उतरवावी; घरातील सर्वांत वडील माणसाला विचारून ती कोणाची, कोणत्या साली, कोणत्या गावी आणि कोणाच्या हातची हे जाणून घ्यावे, आणि तिच्या मागील पुठ्ठ्यावर ते पेन्सिलीने स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे. शाई वापरू नये. ती पुढे फुटते.